दाराच्या उजव्या बाजूची बाई

(शँपेन प्रांतातल्या एका लहान गावची माध्यमिक शाळा. बुधवार, दुपारी वर्ग नसतात. इतिहासाच्या खोलीत शिक्षक बोद्री आणि त्यांची विद्यार्थिनी लिआन ग्रेनिए हिची आजी.)

ग्रेनिएबाई : ताप नव्हताच तिला. सोमवारी मी फोनवर ताप म्हणाले, ते खोटं होतं.

बोद्री : असू दे. या हवेत मुलांना काही ना काही होतंच. पोट बिघडलं असेल.

ग्रेनिएबाई : पोटही शाबूत आहे. बोद्री, मी नदीपलीकडच्या शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला. पालक खोटं बोलू लागले की मला फोनच्या तारेतून वास यायचा. तुम्हाला कसा आला नाही?

बोद्री : आला असता तरी मी विचारलं नसतं, बाई. घरातलं घरात राहावं आणि शाळेतलं शाळेत, या मताचा मी आहे. मला विचारायचंय ते एवढंच, की शनिवारी ती येणार ना?

ग्रेनिएबाई : शनिवारची इतकी घाई?

बोद्री : घाई नाही, काळजी. कॅथेड्रलच्या दक्षिण दारापुढे माझा वर्ग उभा राहणार आहे. प्रत्येक मूल दारावरचा एकेक पुतळा होणार आणि त्या पुतळ्याच्या तोंडची दोन वाक्यं म्हणणार. पालक येणार, नगराध्यक्ष येणार. बाकीच्यांची मला चिंता नाही. दाढी चिकटवली की कुणीही प्रेषित होतो. पण लिआनची जागा दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

ग्रेनिएबाई : का बरं?

बोद्री : ती उभी राहते म्हणून. म्हणजे, काटेकोर सांगायचं तर, बाकीची मुलं पुतळ्याची नक्कल करतात. ती पुतळा होऊन उभी राहते. कंबर किंचित वळलेली, मान एका अंगाला झुकलेली, हातातल्या धर्माज्ञांच्या पाट्या आत्ता निसटतील अशा बेताने धरलेल्या. ज्या पाथरवटाने ती मूर्ती घडवली, त्याने हिला पाहिलं असतं तर छिन्नी खाली ठेवली असती. हे मी वर्गात, सगळ्यांसमोर म्हणालो.

ग्रेनिएबाई : ते तिने सांगितलं. घरात शिरल्यावर आधी ते, मग बूट काढणं.

बोद्री : बघा! या वयाच्या मुलांना तेरावं शतक पुस्तकातून शिकवता येत नाही, बाई. फळ्यावर कमान काढायला घेतली की मागच्या बाकांवर डुलक्या. म्हणून मी त्यांनाच कमान करतो. दोघांनी समोरासमोर तळवे टेकून एकमेकांवर रेलायचं. पाय घसरू लागले की ओरडतात, 'सर, पडतोय!' मग त्यांच्या पाठीला आणखी दोघं लावायची. झाले बाहेरचे टेकू. भिंती इतक्या पातळ आणि खिडक्या इतक्या उंच कशा, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. पोरांच्या खांद्यांना ते कळलेलं असतं.

ग्रेनिएबाई : पद्धत चांगली आहे. मी अपूर्णांक पाव कापून शिकवायचे. तपासणीच्या दिवशी पोरं पुरावाच खाऊन टाकायची.

बोद्री : तपासणीवरून आठवलं. मागल्या खेपेला आलेले साहेब म्हणाले, की इतकं जिवंत—

ग्रेनिएबाई : बोद्री, लिआन होते तो पुतळा कुणाचा?

बोद्री : दाराच्या उजव्या बाजूच्या बाईचा.

ग्रेनिएबाई : नाव आहे का त्या बाईला?

बोद्री : आहे. दाराच्या दोन अंगांना दोन बाया आहेत. डावीकडची मुकुटवाली, ताठ, हातात क्रूस. ती चर्च; म्हणजे ख्रिस्ती धर्म. ते काम माएलिस करते. उजवीकडचीचा मुकुट गळून पडलेला, भाला मोडलेला, डोळ्यांवर पट्टी. ती सिनेगॉग. म्हणजे ज्यू धर्म.

ग्रेनिएबाई : आणि लिआनच्या तोंडची दोन वाक्यं?

बोद्री : तुम्हाला एव्हाना पाठ झाली असतील.

ग्रेनिएबाई : झाली आहेत. मला ती तुमच्या तोंडून हवी आहेत.

बोद्री : 'मी हरलेली राणी. सत्य माझ्यासमोर उभं आहे आणि मला ते दिसत नाही, कारण मला ते पाहायचंच नाही.'

ग्रेनिएबाई : वाक्यं सुरेख आहेत.

बोद्री : फार घासली आहेत मी ती.

ग्रेनिएबाई : कळतंय. एक शब्द जास्तीचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी तिने ती माझ्या जेवणाच्या टेबलापाशी म्हटली. तिचे आईवडील रँस शहरात कामाला असतात. शाळेच्या दिवसांत ती माझ्याकडे राहते. मी दोन मेणबत्त्या लावल्या होत्या, आणि रीतीप्रमाणे डोळ्यांवर हात धरून पुटपुटत होते. तर ही म्हणाली, 'आजी, तू तर अगदी तीच दिसतेस! तू माझ्याहून चांगलं करशील.'

बोद्री : मेणबत्त्या. शुक्रवारी.

ग्रेनिएबाई : शुक्रवारी, सूर्य मावळायच्या आत. ज्यू घरांत लावतात तशा.

बोद्री : बाई... मला माहीत नव्हतं.

ग्रेनिएबाई : कुणालाच नव्हतं. तिलाही नव्हतं.

बोद्री : पण ग्रेनिए हे नाव—

ग्रेनिएबाई : सासऱ्यांनी युद्धानंतर घेतलेलं. आधी ग्रिनबेर्ग होतं. दुकानाच्या पाटीवर नवं बरं दिसतं म्हणाले, आणि तो विषय तिथे संपला. नातीला मी सांगत आले, की मेणबत्त्या आजोबांच्या आठवणीच्या आहेत. आजोबांची आठवण नेमकी शुक्रवारीच कशी येते, हे तिने कधी विचारलं नाही. गुणी पोर. मग तिने टेबलावरचा रुमाल डोळ्यांना बांधला, मान झुकवली आणि तुमची वाक्यं म्हटली. कुठे अडखळली नाही. त्यावर मी काय केलं, विचारा मला.

बोद्री : काय केलंत?

ग्रेनिएबाई : टाळ्या वाजवल्या. पोराने धडा न चुकता म्हटला की माझे हात आपोआप वाजतात, जन्माची सवय. ताटल्या विसळताना माझ्या ध्यानात आलं, मी टाळ्या कशाला दिल्या ते. नळ चालू ठेवून उभी राहिले. ती बाहेरून विचारतेय, 'आजी, पुन्हा करून दाखवू?'

बोद्री : लाज मला वाटायला हवी, बाई. तुम्हाला नव्हे.

ग्रेनिएबाई : वाटून घेऊ. दोघांना पुरून उरेल इतकी आहे.

बोद्री : एक सांगू? समर्थन म्हणून नाही, केवळ वस्तुस्थिती म्हणून. ते खरं आहे असं मी कधीही म्हणालो नाही. मी त्या शतकाच्या तोंडून बोललो. 'असं ते लोक मानत' हे शेपूट प्रत्येक वाक्याला लावलं की वाक्य मरतं. 'त्या काळी लोक नरक मानत' म्हटलं की नरक तिथल्या तिथे विझतो आणि मुलं जांभया देऊ लागतात.

ग्रेनिएबाई : आणि शेपूट छाटलं की वाक्य जिवंत होतं.

बोद्री : होतं.

ग्रेनिएबाई : झालंय. छान धडधाकट आहे. शुक्रवारपासून माझ्याच घरी मुक्कामाला आहे.

बोद्री : मी वर्गात कुणाचा धर्म विचारत नाही, बाई. नियम आहे, आणि तो नियम मला प्रिय आहे. हजेरी घेताना मी नावं केवळ नावं म्हणून वाचतो. माझ्या एकाही मुलाचा देव मला ठाऊक नाही, याचा मला अभिमान आहे. होता.

ग्रेनिएबाई : तो नियम मीही पाळला. शाळेत पाळला, मग अंगवळणी पडला आणि घरीही पाळला. माझ्या मुलाला अर्धंमुर्धं सांगितलं, नातीला तेवढंही नाही. तुम्ही निदान संध्याकाळी घरी गेल्यावर काहीतरी मानत असाल.

बोद्री : नाताळात आईबरोबर चर्चला जातो. गाण्यांसाठी.

ग्रेनिएबाई : जावं की. गाणी चांगली असतात.

बोद्री : मग लिआनला कळलं कसं?

ग्रेनिएबाई : मी सांगितलं. शनिवारी सकाळी, दूध तापवता तापवता. दूध उतू गेलं, पण या खेपेला मी थांबले नाही. नाव सांगितलं, मेणबत्त्या सांगितल्या. कॅथेड्रलच्या मागची बाजारगल्ली, जिथे तुम्ही मुलांना सहलीनंतर पाव खायला नेता, तिला एके काळी ज्यूंची गल्ली म्हणत, तेही सांगितलं. मी बोलत होते आणि ती ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला.

बोद्री : कोणता?

ग्रेनिएबाई : 'सरांना माहीत होतं का?'

बोद्री : नव्हतं! सांगा तिला. नव्हतं माहीत.

ग्रेनिएबाई : मी कशी सांगू? तुमच्या डोक्यात काय होतं ते मला कुठे दिसलं होतं? सोमवारी दप्तर भरून दारापर्यंत गेली आणि परत आली. म्हणाली, 'आधी ते कळू दे, मग मी जाईन.' म्हणून तुम्हाला ताप कळवला. आत्ता ती खाली आहे, अंगणात, माएलिसबरोबर. हाक मारा तिला.

बोद्री : आत्ता?

ग्रेनिएबाई : रोज तर उभे राहता तिच्यापुढे.

बोद्री : ...लिआन! जरा वर येतेस? नाही, माएलिस, तू नको. आणि तो मुकुट काढून ठेव, वाऱ्याने उडेल.

ग्रेनिएबाई : चष्मा किती वेळा पुसाल?

बोद्री : पाच मिनिटं द्यायला हवी होती मला.

ग्रेनिएबाई : वाक्य घासायला?

लिआन : नमस्कार, सर.

बोद्री : ये. बस. बरी आहेस?

लिआन : मला काही झालं नव्हतं.

बोद्री : हो. कळलं मला.

लिआन : आजीने विचारलं का तुम्हाला?

ग्रेनिएबाई : प्रश्न मी पोचवला. उत्तर तुझं तू घे.

लिआन : सर, तुम्हाला माहीत होतं?

बोद्री : नव्हतं, लिआन. शपथेवर सांगतो. तुझ्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती जागा मी तुला कधीच दिली नसती.

लिआन : मग कुणाला दिली असती?

बोद्री : दुसऱ्या कुणाला तरी. ऑदला दिली असती.

लिआन : ऑदला चाललं असतं?

बोद्री : ऑदचं... तिच्या घरी काही शुक्रवारी मेणबत्त्या लावत नाहीत.

ग्रेनिएबाई : तुम्हाला काय माहीत?

बोद्री : खरंय. मला माहीत नाही.

लिआन : म्हणजे ना, सर, मी घरी बसून हाच विचार करत होते. समजा, मी वर्गात नाहीच. आणि दुसरंही कुणी तसं नाही. अख्ख्या वर्गात एकपण नाही. मग ते वाक्य बरोबर असतं का?

बोद्री : त्या काळच्या लोकांच्या दृष्टीने पाहिलं, तर—

ग्रेनिएबाई : बोद्री.

बोद्री : नाही. बरोबर नसतं.

लिआन : मग मी आहे का नाही, त्याने काय फरक पडतो?

बोद्री : काही नाही. तू असल्यामुळे ते मला ऐकू आलं, एवढाच.

लिआन : मागच्या वर्षी पण तुम्ही तेच शिकवलंत ना? माएलिसच्या भावाने केलं होतं तेव्हा. तो राणी झाला म्हणून सगळे हसून लोळले. तो अजून म्हणतो ते, आंघोळ करताना. दाराबाहेरून आई ओरडते, 'हरलेल्या राणी, पाणी बंद कर!'

बोद्री : हो. मागच्या वर्षी. त्याच्या आधीही. दरवर्षी.

लिआन : आणि नंतर त्यांना कुणी सांगितलंच नाही? की ते तसं नाहीये?

बोद्री : नाही.

ग्रेनिएबाई : पोस्टातला तो उंच पोरगा तुमचाच विद्यार्थी ना? आणि चौकातली फुलवाली? माझ्या दाताच्या डॉक्टरीणबाई?

बोद्री : पुरे, बाई. दिसतंय मला.

ग्रेनिएबाई : मी त्रैराशिक मांडत होते, बाकी काही नाही.

लिआन : वर्गातली मुलं मलाही तेच म्हणतात. 'ए हरलेले, चेंडू फेक.' चिडवत नाहीत हं, सर. प्रेमाने म्हणतात. मलापण आवडायचं. तेच... म्हणजे, तेच मला कसंतरी वाटतं. मला आवडायचं ते.

बोद्री : त्यात तुझा काही दोष नाही.

लिआन : माहीत आहे. तरी वाटतं.

बोद्री : ऐक, लिआन. उद्या पहिल्या तासाला मी वर्गापुढे तुझी माफी मागतो. रीतसर. चूक चारचौघांत झाली आहे. तिची भरपाईही चारचौघांत व्हायला हवी.

लिआन : नको!

बोद्री : का?

लिआन : तुम्ही म्हणाल, 'लिआन, मला क्षमा कर', की सगळे मागे वळून माझ्याकडे बघतील. मग मधल्या सुट्टीत विचारतील, काय गं, कशाबद्दल? मी काय सांगू? मलाच आत्ता शनिवारी कळलंय. मला अजून माझं माझं नीट कळायचंय, सर. त्यांना माझ्याआधी कळायला नको.

बोद्री : पण मी गप्प बसलो, तर तो भित्रेपणा होईल.

ग्रेनिएबाई : आणि बोललात तर तुमचं ओझं उतरेल, आणि ते नेमकं हिच्या डोक्यावर जाईल. तुम्ही बाहेर पडाल हलके होऊन. वर्गात बसायचंय हिला.

बोद्री : म्हणजे मी हे असंच घेऊन हिंडायचं?

ग्रेनिएबाई : मी काय वेगळं करतेय?

बोद्री : मान्य. मग शनिवारी ती जागा दुसऱ्या कुणाला देतो, कारण न सांगता.

लिआन : दुसऱ्या कुणाला नाही. माझी आहे ती.

ग्रेनिएबाई : लिआन, तू तिथे उभं राहायचं नाही, असं आपलं ठरलं होतं.

लिआन : तू ठरवलंस. आजी, ती वाईट नाहीये. तू तिला पाहिलीच नाहीस कधी.

ग्रेनिएबाई : नाही पाहिली. मी त्या दारावरून जातच नाही. बाजारात जाते ती नदीकडून वळसा घेऊन.

लिआन : का?

ग्रेनिएबाई : तुझे आजोबा तसे जायचे. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर तसंच जायची. मला वाटायचं, त्यांना चढ सोसत नाही.

लिआन : ती मुकुटवालीपेक्षा सुंदर आहे. सर, तुम्हीच म्हणालात ना?

बोद्री : म्हणालो. तेवढं मात्र खरं आहे. मुकुटवालीचा चेहरा त्या पाथरवटाने हुकमाप्रमाणे केलाय. चांगलाच केलाय, पण हुकमाप्रमाणे. हिच्यापाशी आल्यावर त्याचा हात रेंगाळला. पातळ कापडाच्या पट्टीआडून पापण्यांचा उंचवटा दिसतो. इतकं करायला त्याला कुणी सांगितलं नसणार.

ग्रेनिएबाई : आणि पापण्या इतक्या नाजूक निघाल्या म्हणून गावाने तिच्या लोकांना राहू दिलं का?

बोद्री : नाही. दार पुरं झालं, आणि दोन-तीन पिढ्यांत गल्ली रिकामी केली. राजाचा हुकूम होता. घरं, भांडीकुंडी, सगळं जप्त.

लिआन : हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत.

बोद्री : ते पुढच्या धड्यात— नाही. पुढच्याही धड्यात नाही. मी सांगितलं नाही.

लिआन : का पण?

बोद्री : दाराचा तास मी फार बेतून बांधला होता, लिआन. आधी कमान, मग पुतळे, मग शेवटी उन्हात रंगीत काचा. ते मध्ये आणलं की तासाचा तोल जात होता. मुलं दाराबाहेर पडताना गप्प होऊन पडली असती. मला ती आनंदाने बाहेर पडायला हवी होती.

ग्रेनिएबाई : आनंदानेच पडली. माझ्या घरापर्यंत आनंदाने आली.

लिआन : आजी, पुरे ना.

ग्रेनिएबाई : बरं. गप्प बसते.

लिआन : मग मी डोळे न बांधता उभी राहते. तशीच, मान झुकवून. फक्त पट्टी नाही.

बोद्री : पण मूळ शिल्पात पट्टी—

ग्रेनिएबाई : आलं मूळ शिल्प! इतकं सगळं झालं आणि पठ्ठ्या अजून शिल्पावरच.

बोद्री : नाही, बाई, हे ऐकून घ्या. या वेळी मी माझ्या अब्रूसाठी वाद घालत नाही. पट्टी काढली की दार निर्दोष दिसू लागेल. लोक म्हणतील, काय गोड, दोन राण्या, दोन मैत्रिणी. ज्यांनी तिचे डोळे बांधले ते अलगद सुटतील. ती मूर्ती चुकून तशी झालेली नाही. तशी ठरवून केली आहे. ते झाकायला मी मदत करणार नाही. एकदा केली तेवढी पुरे.

ग्रेनिएबाई : आणि पट्टी बांधली, तर माझी नात गावापुढे डोळे बांधून उभी राहील. ते मी होऊ देणार नाही.

लिआन : आणि ऑद उभी राहिली तर मी बघत बसणार नाही.

बोद्री : मग राहिलं काय?

लिआन : मग तिथे कुणीच नको.

बोद्री : म्हणजे?

लिआन : माएलिस उभी राहील. संत, राजे, दाढीवाले, सगळे उभे राहतील. हिच्या खाली कुणीच नाही. ती दगडातली वर आहेच की. लोक विचारतील, इथे कोण राहिलं? मग तुम्ही सांगा.

बोद्री : मी?

लिआन : वाक्यं तुमचीच होती ना, सर.

बोद्री : हो. माझीच होती.

ग्रेनिएबाई : काय सांगाल? म्हणून दाखवा. आम्हीही ऐकतो.

बोद्री : 'या जागी दरवर्षी एक मूल उभं केलं जात असे, आणि त्याच्या तोंडी—'

ग्रेनिएबाई : कोण करत असे उभं? वारा?

बोद्री : 'या जागी दरवर्षी मी एका मुलाला उभं करत आलो, आणि ज्या समजुतींमुळे याच गावातल्या माणसांना पुढे आपली घरंदारं सोडून—'

लिआन : लांब होतंय, सर. माएलिसचे हात भरून येतील.

बोद्री : 'या जागी मी दरवर्षी एका मुलाला उभं केलं आणि त्याच्याकडून खोटं वदवून घेतलं.'

लिआन : हं.

ग्रेनिएबाई : हे झालं. आता गल्लीचं सांगा, त्याच दमात. आणि थांबा. क्षमा, खेद, वेदना, त्यातलं काही नको.

बोद्री : समोर निम्मे माझे जुने विद्यार्थी असतील. तो पोस्टातला असेल. फुलवाली तर दरवर्षी पुढे उभी असते.

ग्रेनिएबाई : चष्मा काढून बोला. कुणी दिसणार नाही.

बोद्री : नको. चष्मा राहू दे.

लिआन : आणि सर, मुलं मला विचारतील, तुझं काम का गेलं म्हणून. मी सांगेन, सरांनी काढलं.

बोद्री : मी काढलं?

लिआन : चालेल ना? मग ते तुमच्यावर चिडतील. माएलिस तर जामच चिडेल, आम्ही महिनाभर तालीम केली होती.

बोद्री : चिडू दे. चालेल.

लिआन : आणि शनिवारी मी गर्दीत उभी राहीन. आजी, तू पण ये.

ग्रेनिएबाई : मी?

लिआन : नदीकडून नाही. सरळ चढावरून. मी हात धरीन.

ग्रेनिएबाई : मला काही चढ सोसत नाही असं नाही.

लिआन : मग झालं तर. सर, माएलिस खालून ओरडतेय. क्रूस मोडला म्हणते. झाडूची काठी होती, मी सांगितलं होतं तिला, टेकून उभी राहू नकोस म्हणून. जाऊ?

बोद्री : जा. लिआन...

लिआन : काय, सर?

बोद्री : काही नाही. जिना सांभाळून उतर.

ग्रेनिएबाई : गेली. दोन-दोन पायऱ्या उड्या मारत गेली. बघा, ऐकलं का तुमचं?

बोद्री : मी तिला विचारणार होतो, बाई. तिने मला माफ केलं का, एवढंच. शब्द ओठांवर आले होते.

ग्रेनिएबाई : विचारू नका, बोद्री. विचारलंत तर ती हो म्हणेल.